जुन्या गाडीचं ‘खालचं काम’: आवाज ओळखण्यापासून बुश कसण्यापर्यंत

मेकॅनिक गाडीखालून बाहेर येऊन ‘खालचं काम निघालं’ म्हणतो, म्हणजे सस्पेन्शनचं, चाक आणि बॉडी यांच्यामधल्या धक्के झेलणाऱ्या भागांचं काम, तेव्हा त्या तीन शब्दांत काहीही मावतं. एका लिंक रॉडवर भागू शकतं, नाहीतर दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅक असं सगळं बदलायची वेळ येते. बिल कोणतं हातात पडणार हे गाडी उघडण्याआधीच्या अर्ध्या तासात ठरतं. त्या अर्ध्या तासात नेमका भाग सापडला नाही की अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि आवाज तिथल्या तिथेच राहतो.

वॅगनआर, अल्टो, स्विफ्ट, सँट्रो, आय-टेन अशा दहा-पंधरा वर्षं चाललेल्या घरगुती गाड्यांची पुढची रचना जवळपास सारखीच असते. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला मॅकफर्सन स्ट्रट वर बॉडीला माउंटने धरलेला असतो. खाली लोअर आर्म एका बाजूला दोन बुशांवर, म्हणजे रबर भरलेल्या कड्यांवर, झुलतो आणि दुसऱ्या बाजूला बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या लोखंडी भागाला, जोडलेला असतो. दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार लिंक रॉडने स्ट्रटला किंवा आर्मला बांधलेला असतो. मारुती 800 मध्ये लिंक रॉडही नसते. बारचं टोक थेट आर्ममधून जातं आणि चाकाला पुढे-मागे धरायचं कामही तोच बार करतो. या सगळ्यातलं लोखंड सहसा गाडीच्या आयुष्यभर टिकतं. संपतं ते रबर, आणि रबराने झाकलेले सांधे. जुन्या गाडीचं सस्पेन्शन म्हणजे तीन-चतुर्थांश रबराचाच हिशेब आहे.

### नागपूरचं ऊन, गिट्टी आणि सिमेंटची कड

रबराला इथे दोन बाजूंनी मार बसतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना उघड्यावर उभी राहणारी गाडी खालूनही भाजते, आणि रबर कडक होऊन त्याला केसासारख्या भेगा पडतात. मग जूनच्या मध्यावर पाऊस येतो. त्या भेगांतून आणि फाटलेल्या बूटमधून (सांध्यावरच्या रबरी आवरणातून) चिखल, बारीक गिट्टीचा चुरा आत जातो. बॉल जॉइंटचा बूट फाटला तेव्हा आतला सांधा ठणठणीतच असतो, पण त्यात एकदा पाणी आणि रेती गेली की तोच सांधा एका पावसाळ्यात खिळखिळा होतो. म्हणून तपासणी नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपायच्या आत उरकावी.

दुसरा मार रस्त्याचा. सिमेंटच्या रस्त्यावर खड्डे कमी, पण त्याची कड आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यात अनेक ठिकाणी दोन-तीन इंचांची पायरी असते. ही पायरी तिरकी चढली तर धक्का स्प्रिंगला उभा न लागता लोअर आर्मच्या बुशांना आडवा लागतो. लेआउटमधल्या रस्त्यांवर खाली काळी माती असेल तर उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचा रस्ता लाटेसारखा होतो. अशा लाटांवर शॉकअपला दम खायला मिळत नाही. गाडी पायरीवर चढवायचीच असेल तर जवळपास काटकोनात, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवरून पाय काढून चढवा. ब्रेक दाबलेला असताना पुढचं नाक खाली बसलेलं असतं आणि स्प्रिंगला दबायला जागाच उरलेली नसते.

### आधी डिकी रिकामी करा

हसू येईल, पण ‘मागून खडखड’ या तक्रारीत सैल झालेली स्टेपनी, जॅक आणि पान्याची पिशवी हे नेहमीचे आरोपी आहेत. सगळं बाहेर काढून एक चक्कर मारा. पुढून खडखड येत असेल तर त्याच रस्त्यावर डाव्या पायाने नाही, नेहमीच्याच पायाने ब्रेक अगदी हलका टेकवून बघा. आवाज तेवढ्यापुरता थांबला तर सस्पेन्शनला हात लावू नका. ते ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना आहेत.

मग कोणी जाणतं माणूस शेजारी बसवून, काचा खाली करून, रेडिओ आणि एसी बंद करून गाडी चालवा. ताशी दहा-पंधराच्या वेगात गट्टूंवरून किंवा बारीक खडबडीवरून जाताना टकटक-टकटक असा हलका, पत्र्यावर बोटं वाजवल्यासारखा आवाज आला तर पहिला संशय लिंक रॉडवर, दुसरा स्टॅबिलायझर बारला बॉडीशी धरणाऱ्या रबरावर, म्हणजे डी-बुशवर. ब्रेक मारताना किंवा क्लच सोडून गाडी निघताना एकच ‘धप्प’ आला तर लोअर आर्मचा मागचा बुश. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि स्प्रिंग ताणून सुटल्यासारखी ‘टंग’ वाजली तर स्ट्रटच्या वरचं माउंट बेअरिंग अडकतंय. गतिरोधकावर सकाळी कुरकुर येते आणि गाडी धुतली की दोन दिवस बंद होते, तो वाळलेल्या रबराचा आवाज असतो. कानाला वाईट, पण घाईचा नाही.

वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण हब बेअरिंगची, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची असते. ती सिमेंटच्या रस्त्यावर शोधायला जाऊ नका, तिथे टायरचाच आवाज इतका असतो की काही कळत नाही. चांगला डांबरी पट्टा गाठा. साठच्या वेगात हलका डावीकडे झोल द्या, मग उजवीकडे. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे डावीकडे झोल देताना गुणगुण वाढली तर सहसा उजवं बेअरिंग. आणि पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर गाडी चालू असताना कट-कट-कट आलं तर तो ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. तो सस्पेन्शनच्या बिलात यायला नको.

टायरही बोलतात. तळहात टायरवर गोल फिरवा. चढ-उतार, वाटीसारखे खड्डे लागले तर शॉकअप संपलाय किंवा चाक बॅलन्समध्ये नाही. आतली कड एकटीच घासली असेल तर टो (वरून बघताना चाकाचा आत-बाहेर कोन) किंवा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) बिघडलाय. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना करवतीसारखा लागला तर नक्की टो. दोन्ही कडा घासल्यात, मधला भाग चांगला आहे, तर हवा कमी ठेवली जातेय.

### जॅकवर घेतल्यावर

गाडीसोबतचा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर खाली शिरणं म्हणजे जीवाशी खेळ. दोन टनांचे दोन स्टँड लागतातच. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावू नका, ते इशारा न देता एकदम फुटतात. उन्हाळ्यात दुपारी डांबरावर किंवा मुरमावर जॅक लावला तर तो हळूहळू रुततो. खाली फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी टाका. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा.

पण जॅक लावण्याआधी दोन गोष्टी जमिनीवरच बघायच्या. पहिली, शॉकअप. बोनेटचा कोपरा तीनदा जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला. मात्र ही परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धा मेलेला यात पास होतो. म्हणून टॉर्चने स्ट्रटचं नळकांडं बघा. वरच्या भागावर तेलाचा पुसट ओलसरपणा चालतो. तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल आणि त्यावर धुळीचा चिखल बसला असेल तर तो बदलायचाच.

दुसरी गोष्ट लिंक रॉड. ती दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असतानाच हाताने हलवून बघायची. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक रॉड ताणली जाते आणि सैल सांधाही घट्ट वाटतो. जॅकवर ‘चांगली’ ठरलेली लिंक रॉड रस्त्यावर वाजत राहते, त्यामागे बहुतेक वेळा हीच चूक असते.

आता चाक उचला. वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर हब बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचे बोल्ट. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथला खेळ टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) किंवा रॅक एंडचा (त्याच दांड्याचा रॅककडचा सांधा). कोणता, ते रॅकचा रबरी बूट चिमटीत धरून कळतं, बुटाच्या आत ठोका जाणवला तर रॅक एंड.

मॅकफर्सन रचनेत गाडीचं वजन स्ट्रटवर असतं, खालच्या बॉल जॉइंटवर नाही. त्यामुळे नुसतं चाक हलवून त्याचा खेळ दर वेळी दिसत नाही. चाक लटकतं ठेवून अर्ध्या मीटरची टॉमी (लोखंडी पहार) आर्म आणि नकलच्या मध्ये घाला आणि अलगद दाबा. सांध्यात उभा खेळ डोळ्याला दिसला तर तो जॉइंट संपला. त्याच टॉमीने आर्मचे बुश बघा, पण जोर बेताचा. रबर आहे, थोडं हलणारच. बघायचं ते हे, की रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलंय का, भेग आरपार गेली आहे का. वरवरच्या बारीक भेगांवरून बुश बदलायला सांगणाऱ्याला थोडं थांबवा.

शेवटी स्प्रिंग. तिचं टोकाचं वेटोळं खालच्या वाटीत तुटतं आणि मातीत लपून राहतं. वाटी साफ करून टोक बघा. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा. दोन्ही बाजूंत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसली किंवा तुटली असं धरून पुढे शोधा.

### आधी काय, नंतर काय

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल असेल तर गाडी तिथेच थांबवा. बॉल जॉइंट निखळला की चाक आडवं पडतं, स्टिअरिंग हातात राहतं आणि गाडी भलतीकडे जाते. लोअर आर्मचा बुश फाटला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते. महिनाभर सांभाळून चालवता येईल, समृद्धी महामार्गावर मात्र नेऊ नका. लिंक रॉड नुसती वाजते, ती पुढच्या पगारापर्यंत थांबते.

शॉकअप नेहमी जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक जुना ठेवला तर जोराच्या ब्रेकमध्ये गाडी वेडीवाकडी वागते. पुढच्या स्ट्रटसोबत वरचं माउंट, माउंट बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धूळ अडवणारं रबर हेही त्याच वेळी घ्या. जुन्या बंप स्टॉपरचा बहुधा पिवळा भुगा झालेला असतो. स्ट्रट उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असते. दोन-पाचशे रुपयांच्या रबरासाठी तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागणं हा शहाणपणा नाही.

पार्ट मागताना मॉडेलचं नाव पुरत नाही. स्टॅबिलायझर बारची जाडी एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांत वेगळी असू शकते, आणि ढिला डी-बुश नवा असूनही वाजतो. आरसी किंवा चेसिस नंबरचा फोटो दुकानात दाखवा. जमल्यास जुना पार्ट हातात घेऊन जा. शॉकअपमध्ये गॅब्रिएलसारखा ओळखीचा ब्रँड कंपनीच्या पार्टइतकाच चालतो. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड यांत मात्र काटकसर नको, कंपनीचाच घ्या आणि खोक्यावरचा होलोग्राम तपासा. शॉकअपला भोक पाडून तेल भरून देणारे भेटतात. त्यात आतला गॅस गेलेला असतो आणि सील जुनंच राहतं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफरही गाडी ‘उचलतात’ खरं, पण वेटोळी अडल्यामुळे स्प्रिंग कडक होते आणि तिला आवरायची ताकद जुन्या शॉकअपमध्ये नसते. मार शेवटी वरच्या माउंटला बसतो.

### स्ट्रट उतरवताना

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातल्या गाड्यांइतका गंज इथे नसतो, तरी नकलचे बोल्ट जाम होतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग उचला, स्टँड लावा, चाक काढून गाडीखाली आडवं सरकवा. स्टँड दगा देईल तर चाक आडवं येईल.

ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या क्लिपमधून सोडवा. लिंक रॉडचा नट फिरवताना मागचा खिळा सोबत फिरतो, त्याला ॲलन कीने किंवा चपट्या पान्याने धरावं लागतं. नकलच्या दोन बोल्टभोवती आणि नकल-स्ट्रटच्या फटीवर छिन्नीने किंवा पांढऱ्या पेंटने खूण करा, कॅम्बर त्या जागेवर ठरतो. नकलला तारेने बॉडीला बांधून ठेवा. ती बाहेर लोंबली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो आणि ब्रेकची नळी ताणली जाते. आता दोन बोल्ट काढा आणि शेवटी बोनेटखालचे माउंटचे नट. दोन किंवा तीन जे असतील ते.

मधल्या नटाला इथे हात लावायचा नाही. हा नियम मोडला म्हणून हात आणि डोळे गमावलेली माणसं गॅरेजात सापडतात. त्या नटाखाली दाबलेल्या स्प्रिंगची सगळी ताकद अडवलेली असते. स्प्रिंग कंप्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराचे) दोन हूकवाले दांडे समोरासमोर लावा, दोन-दोन फेरे देत दोन्ही सारखे कसा, आणि स्प्रिंग वाटीत हाताने फिरू लागली की मगच मधला नट सोडा. कंप्रेसरच्या रेषेत तोंड नको. तुमच्याकडे चांगला कंप्रेसर नसेल तर स्ट्रट अख्खा गॅरेजात नेऊन तेवढंच काम करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून दांडी पूर्ण वर-खाली चार-पाच वेळा करा. खोक्यात आडवा पडल्याने आत शिरलेली हवा निघते, नाहीतर पहिले काही दिवस नवाच शॉकअप ठोकतो. आणि वरचा नट कसताना दांडी फिरू नये म्हणून तिला पकडीने धरायचा मोह होतो. चकचकीत दांडीवर नखभर ओरखडा पडला तरी प्रत्येक खड्ड्याला तो सीलमधून जातो, आणि सहा महिन्यांत नवा शॉकअप गळतो. दांडीच्या टोकाला ॲलन कीची किंवा चपटी जागा दिलेलीच असते. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. नायलॉनवाले सेल्फ-लॉक नट एकदा उघडले की नवे घ्यायचे.

### लोअर आर्मचा बुश: तीन महिन्यांत का जातो?

‘नवा टाकला होता, तीन महिन्यांत गेला, माल डुप्लिकेट होता’ हे वाक्य रोज ऐकू येतं. माल कधी कधी खराब असतो. पण त्याहून जास्त वेळा खराब असतं ते बोल्ट कसायचं स्थान.

बुश हातात घेऊन नीट बघा. बाहेर एक लोखंडी कडं, आत एक जाड नळी, आणि दोन्हींना चिकटवलेलं मधलं रबर. आतल्या नळीच्या टोकांना बारीक दाते असतात. आर्मचा बोल्ट कसला की हे दाते ब्रॅकेटमध्ये रुततात आणि नळी जागेवर गच्च बसते. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा बुशात काहीही घसरत नाही, फिरत नाही. रबर पिळलं जातं आणि परत येतं. बिजागरीसारखा हा सांधा नाही.

आता गाडी जॅकवर आहे, चाक हवेत लटकतंय, आर्म पंधरा-वीस अंशांनी खाली झुकलाय. मेकॅनिकने याच अवस्थेत बोल्ट पूर्ण कसला तर रबराच्या लेखी ‘सरळ’ म्हणजे ती झुकलेली जागा. गाडी खाली आली, आर्म वर गेला, आणि रबर उभ्या गाडीतही कायमचं पिळलेलं राहिलं. त्यावर प्रत्येक खड्डा आणखी पिळतो. आर्मच्या बाजूने रबर फाटायला सुरुवात होते आणि दोन-तीन महिन्यांत ‘धप्प’ परत येतो.

यावरचा उपाय फुकट आहे. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि मडगार्डवर कागदी टेप चिकटवून त्यावर पेनाने लिहा. समजा डावीकडे 362 मिलिमीटर, उजवीकडे 358. सगळं जोडताना बुशांचे बोल्ट फक्त हाताला लागतील एवढेच फिरवा. मग बॉल जॉइंटखाली फळीचा तुकडा ठेवून जॅकने नकल वर उचलत न्या, हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत तेच 362 येईपर्यंत. गाडी स्टँडवरून उचलली जात असेल तर थांबा आणि पुढच्या सीटवर दोन माणसं बसवा. त्या उंचीला बोल्ट पूर्ण कसा. गॅरेजात खाली उतरायचा खड्डा किंवा चाकांवर उभं करणारी लिफ्ट असेल तर आणखी सोपं: गाडी खाली सोडा, थोडी पुढे-मागे ढकला, कोपरे दाबा आणि खालून कसा. हाच नियम मागच्या एक्सलच्या बुशांना आणि जिथे बोल्टवर रबर पिळलं जातं त्या प्रत्येक सांध्याला लागू. गॅरेजात गाडी दिली असेल तर एवढं एकच वाक्य आधी सांगून ठेवा: ‘बुशचे बोल्ट गाडी खाली टेकल्यावर कसा.’ चांगला मेकॅनिक मान डोलावेल.

आर्म अख्खा बदलायचा की नुसते बुश? बॉल जॉइंट आर्मलाच रिव्हेट केलेला असेल आणि तोही सैल असेल तर अख्खा आर्म परवडतो. नुसते बुश टाकायचे तर हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या. जुना बुश जाळून काढणं आणि नवा हातोड्याने ठोकणं, दोन्ही टाळा. ठोकलेल्या बुशाचं कडं वाकडं होतं आणि पुढे तो आर्ममध्येच घरंगळतो. मागच्या मोठ्या बुशाला पोकळ्या असतात, आणि त्या कोणत्या दिशेला असाव्यात याची खूण त्यावर असते. काढण्याआधी जुन्याचा फोटो काढा. दिशा चुकली तर गाडी मऊ किंवा कडक तर होतेच, पण बुशही लवकर फाटतो.

बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये एका आडव्या बोल्टने धरलेला असतो, आणि तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो. बोल्ट सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. फटीत छिन्नी घालून ती फार फाकवू नका, नकल तडकते. टाय रॉड एंड मात्र निमुळत्या दांड्याचा असतो. त्याला आट्यांवर ठोकू नका. नकलच्या डोळ्याच्या बाजूला हातोडीचे दोन-तीन नेमके ठोके बसले की तो सुटतो. काढण्याआधी किती आटे बाहेर दिसतात ते मोजून ठेवा, म्हणजे नवा बसवल्यावर अलाइनमेंटपर्यंत गाडी नीट नेता येईल.

डी-बुश बसवताना बार घासून स्वच्छ करा आणि साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं.

### मागचा भाग

मागे काम थोडं असतं. शॉकअप, त्यांचे बुश, एक्सलचे दोन मोठे बुश, स्प्रिंगच्या वाट्या. मागचे शॉकअप काढताना एक्सलखाली जॅक हवाच. बऱ्याच गाड्यांत एक्सलला खाली जाण्यापासून शॉकअपच अडवतो, तो सुटला की स्प्रिंग उडू शकते. बाहेरून सीएनजी टाकी बसवून घेतली असेल किंवा गावाहून दरवर्षी गव्हाचे कट्टे याच गाडीतून येत असतील तर मागच्या स्प्रिंग बसलेल्या सापडतील. अशा वेळी नुसते शॉकअप बदलून उंची परत येत नाही, कारण वजन स्प्रिंग तोलते. शॉकअप फक्त तिची हालचाल आवरतो.

### अलाइनमेंट आणि पहिले दिवस

चाकाचे नट छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर लागतात, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे. हवेच्या गनने कसलेले नट एकदा टॉर्क पान्याने तपासा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत.

फक्त लिंक रॉड किंवा डी-बुश बदलले असतील तर अलाइनमेंटचे पैसे वाचवा. स्ट्रट, लोअर आर्म, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड उघडला असेल तर अलाइनमेंट लागतंच, आणि म्हणूनच ही कामं एकत्र काढावीत. आधी चारही टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, थंड असताना. दुपारी दोन वाजता, वर्धा रोडवरून तापून आलेल्या टायरमध्ये मोजलेला आकडा तीन-चार पीएसआय जास्त दिसतो. तो बघून हवा सोडली तर सकाळी टायर बसलेला सापडेल. मशीनवरचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागा. बहुतेक घरगुती गाड्यांत पुढचा टो एवढाच फिरवता येतो. कॅम्बर हिरव्या पट्ट्यात येत नसेल आणि समोरचा ‘चालतं’ म्हणत असेल तर स्ट्रटचे बोल्ट खुणेवर बसलेत का, आर्म वाकलाय का, ते आधी बघायला लावा. गाडी तरीही एकीकडे ओढत असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा. ओढणं दुसऱ्या बाजूला गेलं तर दोष टायरचा.

सर्व्हिसिंगला गाडी धुतल्यावर ‘खालून डिझेल-ऑइल मारू का?’ असं विचारतात. नाही म्हणा. लोखंड चमकतं, पण डिझेल बुशांच्या रबरात मुरतं, ते फुगतं, मऊ पडतं, आणि वर धूळ चिकटून बसते. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा नुसत्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि आर्मवरचा चिखल काढला की पुरे. तेव्हाच टॉर्च घेऊन बॉल जॉइंट, टाय रॉड, रॅक आणि बाहेरचा सीव्ही जॉइंट यांचे आठ बूट बघून घ्या, प्रत्येक बाजूला चार. फाटलेला बूट आठवड्याच्या आत दिसला तर बऱ्याचदा नुसता बूट बदलून भागतं.

गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडीची फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते, त्यात हेही बघितलं जातं. मुदत संपायच्या दोन महिने आधी काम काढा, म्हणजे नवे बुश बसून अलाइनमेंट एकदा परत तपासायला वेळ राहतो.

नवं सस्पेन्शन घालून थेट शिर्डीला निघायचा बेत असेल तर एक नजर टायरच्या बाजूवर टाका. ‘DOT’ अक्षरांच्या ओळीत शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी एवढ्या वर्षांचं नागपूरचं ऊन खाल्लेला टायर समृद्धीवर तासन् तास 120 च्या वेगाने पळवू नका.